भाच्याच्या गालावरची लाल हळद

ओता, ओता, कप भरून ओता. अर्ध्या कपात हा किस्सा मावायचा नाही. आणि एक आधीच बजावून ठेवतो. मधेच थांबवून 'म्हणजे चूक तुमचीच होती का?' असं विचारायचं नाही. होती. पूर्णपणे माझीच होती. पण ती मी ज्या थाटात केली ना, तो थाट तुम्हाला कळला पाहिजे!

तुम्ही मला ओळखता. हयात बातमीदारीत गेली. रस्त्यात खड्डा दिसला की मला त्यात ठेकेदार दिसतो. नळाला पाणी आलं नाही की लोक बादली शोधतात, मी जबाबदार माणूस शोधतो. आमची सुनंदा म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याच्याकडे खुलासा मागाल." मागेन! का मागू नये? एवढा कारभार चालवतो, उत्तर नको द्यायला?

तर गोष्ट भागवतच्या लग्नाची. भागवत माझा सख्खा भाचा. ताई आणि दाजी बजाजनगरला राहतात, भागवत वाळूजला कंपनीत आहे. मुलगी करमाडची, नाव स्वाती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेली, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचे वडील कडुबा अण्णा. घरात पिढीजात मेंढरं. आता थोडी शेती, थोडी मेंढरं, आणि पोरगी मास्तरीण झाल्याचा अभिमान मात्र गावाला पुरून उरेल एवढा.

लग्न अण्णांच्या शेतातच होतं. हाकेच्या अंतरावर घर, विहिरीशेजारी मांडव, मांडवामागे चुली, चुलींवर हंडे. मुहूर्त दुपारचा, हळद सकाळी. आणि मांडवातून मान वर केली की लांबवर शेंद्र्याकडच्या कारखान्यांची धुराडी! आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसानं अशा ठिकाणी नुसतं जेवून परत यायचं?

इथं एक बारीकसा तपशील सांगायला हवा. बारीकच आहे, पण सांगतो. दातांच्या डॉक्टरनं दम दिल्यापासून मी तंबाखू सोडली होती. म्हणजे घरात सोडली होती. सुनंदाच्या समोर तर कायमची सोडली होती. त्या दिवशी सकाळी ती मांडवात ताईला सांगत होती, "यांनी मन लई घट्ट केलं हो वन्सं. एवढ्या वर्षांची सवय, पण पुन्हा हात लावला नाही." ते ऐकून मला इतकं भरून आलं, इतकं भरून आलं, की मी तसाच उठून ट्रॅक्टरच्या मागे गेलो आणि एक चिमूट मळली.

घाईत चुना जरा जास्तच आला. डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्यानं घोळली, दोन थापा मारल्या, ओठाखाली सारली आणि हात पँटला पुसतोय न पुसतोय, तोच मांडवातून हाका सुरू!

"मामा कुठंयत? अहो, मामाची हळद राहिली!"

गेलो. पाटावर भागवत बसलेला. बायकांनी हातापायांना हळद फासून त्याचा पार पिवळा पुतळा केला होता. तोंड तेवढं मोकळं ठेवलेलं. का? तर मामाचा मान! नुकतंच त्याचं तोंड विहिरीच्या पाण्यानं धुतलं होतं. मी चार बोटांनी वाटीतली हळद उचलली, दोन्ही हातांना चोळली आणि भाच्याचे दोन्ही गाल असे माखले की बायकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. मग सगळंच थांबलं.

"अगं बाई!" ताई किंचाळली. "रक्त!"

बघतो तर काय? भागवतचा उजवा गाल लालभडक! आणि डाव्या डोळ्याखाली अंगठ्याएवढा लाल पट्टा. बाकी सगळा मुलगा पिवळा. जणू कुणी थोबाडीत देऊन वर टिळा लावलाय.

"मामा, काय झालं?" भागवत घाबरून विचारतोय.

"आग होते का?" ताईनं विचारलं.

"नाय."

"खाज?"

"नाय हो. काहीच व्हयना."

आता यात पुढे आले दादाराव. दादाराव म्हणजे दाजींचे थोरले भाऊ. दाजी स्वभावानं गरीब, घरातला आवाज दादारावांचा. डोक्याला फेटा, कपाळाला आठ्या, आणि या सोयरिकीत पहिल्यापासून काही ना काही खुसपट काढायची हौस. त्यांनी गाल बघितला आणि हळूच म्हणाले, "हळद लाल झाली. आमच्या घरात आजवर असं झालं नाय. हे चांगलं लक्षण नाय."

झालं! हा शब्द मांडवभर पसरला. कडुबा अण्णा विहिरीकडून धावत आले. मुलाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. आणि माझं डोकं फिरलं. अपशकुन? या काळात? माझ्या देखत?

मी आधी तोंडातली चिमूट मांडवाबाहेर थुंकून आलो, कारण आता भाषण करायचं होतं. मग खुर्चीवर उभा राहिलो.

"दादाराव! शकुनबिकुन काही नाही. याला विज्ञान म्हणतात! हळद हा दर्शक आहे. आम्ल असेल तर पिवळी राहते, आम्लारी लागली तर लाल होते. शाळेत शिकलोय मी!"

मला वाटलं, जिंकलो. खरं म्हणजे इथंच खाली उतरायला हवं होतं. पण दादारावांनी विचारलं, "मग ती आम्लारी का काय, ती आली कुठून?"

बघा, प्रश्न किती रास्त होता! आणि उत्तर किती जवळ होतं! माझ्याच मनगटांच्या पुढे लटकत होतं. पण माणसाची नजर स्वतःच्या हातावर जाते का? माझी गेली धुराड्यांवर.

"पाण्यातून!" मी ओरडलो. "नवरदेवाचं तोंड कशानं धुतलं? विहिरीच्या पाण्यानं! कारखान्यांनी जमिनीत कॉस्टिक सोडा सोडलाय, तो या विहिरीत उतरलाय. हे पाणी विषारी आहे!"

आता तुम्ही म्हणाल, बाकीच्या अंगाला त्याच पाण्याची आंघोळ घातली होती, मग ते पिवळं कसं राहिलं? बरोबर. तुम्हाला इथं चहा पिता पिता सुचलं ते मला तिथं भर मांडवात सुचलं नाही. एकदा बातमी डोक्यात शिरली की मग पुरावाच बातमीच्या मागे पळायला लागतो.

कडुबा अण्णांचा चेहरा उतरला. "साहेब, असं काय बोलायलाव? याच पाण्यावर माझी मेंढरं जगली, आमी जगलो. काल रातच्याला सगळी भावकी जेवली."

"अण्णा, तुम्हाला गप्प बसवलंय का कुणी?"

"मला कोण गप्प बसवंल?" अण्णा हादरून म्हणाले. "मी तं मेंढरांमागं असतो."

तेवढ्यात आचारी बाबूभाई झारा घेऊन आला. शहरातल्या छावणी भागातला माणूस, अर्ध्या शहराची लग्नं त्याच्या हातची. "क्या बी बोलते मामू! सुबे से इसीच पानी का चाय पीराउं मैं. मरा क्या?"

"अजून नाही," मी म्हणालो. "चूल बंद कर."

"वरण को उकळी आरी!"

"बंद म्हणजे बंद!"

मग मी जाहीर केलं की नुसत्या हळदीवर माझं भागत नाही, मला लिटमस कागद पाहिजे. नवरी विज्ञानाची शिक्षिका, तिच्या घरी असणारच. माणूस पाठवला. लाल लिटमसची छोटी वही आली आणि सोबत नवरीचा निरोपही आला. निरोप काय? तर, "मामांना म्हणावं, आधी हात साबणानं धुवा, मग कागद धरा."

मला असा राग आला म्हणता! हातात पुरावा यायची वेळ आणि मला आंघोळीला पाठवतायत! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "म्हणजे तेवढ्या वेळात कुणी बादलीतलं पाणी बदलायला मोकळं! ही पद्धत मी चांगली ओळखतो."

सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. "अहो, धुवा ना हात. काय बिघडतंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

तर मंडळी, तत्त्वानं मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पहिला कागद धरला. ऊन मी म्हणत होतं, हाताला घाम सुटलेला. कागद विहिरीच्या बादलीत बुडवला. निळा! चुलीवरच्या हंड्यात बुडवला. निळा! पिण्याच्या पाण्याचा थंड जार शहरातून आणला होता, त्यात बुडवला. तोही निळा!

"बघा!" मी म्हणालो. "शहराच्या पाण्यापर्यंत पोचलेत हे लोक!"

चहात बुडवला. तोही वरून निळा. बाबूभाई आता स्वतःच्या पोटावर हात फिरवायला लागला होता. "मामू, सच्ची बोलो, कुछ होएंगा क्या मेरे को?"

शेवटी कुणीतरी ताकाचं पातेलं पुढे केलं. आता ताक म्हणजे आंबट, म्हणजे आम्ल. लाल कागद लालच राहायला हवा, हे मलाही माहीत होतं. कागद बुडवला, बाहेर काढला. बुडलेला भाग लाल आणि माझ्या चिमटीजवळचा भाग निळा! एकाच कागदावर खाली लाल, वर निळा!

शहाणा माणूस इथं थांबला असता. कागद ताकात बुडालाच नव्हता तिथं निळा कसा, एवढं तरी स्वतःला विचारलं असतं. मी काय केलं? मी दीर्घ श्वास घेतला आणि मांडवाला गंभीर आवाजात सांगितलं, "विष ताकात वर तरंगतंय."

हसू नका! तिथं कुणी हसलं नाही. तिथं ताकाचं पातेलं धरणाऱ्या बाईनं ते हातातलं जळतं लाकूड टाकावं तसं खाली ठेवलं.

मी लगेच कार्यालयात फोन लावला. आमचा वृत्तसंपादक, त्याला म्हटलं, "पान एक, वरची जागा राखून ठेव. मथळा घे: लग्नमंडपात विषारी पाणी, नवरदेवाचा चेहरा भाजला!"

"मामा," भागवत पाटावरून म्हणाला, "भाजलं नाय हो. मला काहीच होत नाय."

"तू गप! पीडितानं शांत राहायचं असतं."

आता इथून पुढचं सांगताना माझा आवाज जरा खाली येईल, कारण इथून पुढे गंमत नव्हती. दादाराव उठले. फेटा सारखा केला आणि शांतपणे म्हणाले, "चला. सामान भरा. जिथलं पाणी असलं तिथं आपल्याला सोयरीक नाय करायची. उद्या पोरीच्या अंगात काय काय निघंल कोण सांगावं?"

अहो, मी कारखान्यावर तोफ डागली होती आणि गोळा जाऊन पडला होता त्या मुलीच्या अंगावर! ताई रडायला लागली. दाजी खाली मान घालून बसले. मी म्हणालो, "दादाराव, मुलीचा काय संबंध? मी कारखान्याबद्दल बोलतोय!"

"तुमीच म्हणाले ना, विष हाय म्हणून? लहानपणापासून हेच पाणी पेली ना ती?"

माझाच निष्कर्ष माझ्याच गळ्यात! तिकडे कडुबा अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेतलेला. ओरडले असते, भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी मी भांडू शकतो. पण ते एवढंच म्हणाले, "साहेब, तुमी लिहिणारे लोक. तुमी एकदा म्हणलं की लोक खरं मानतेत. माझ्या पोरीचं काय करू सांगा."

पहिल्यांदाच मनात आलं, आपलं चुकलं तर? पण लगेच मनानं उत्तर दिलं, चुकलं कसं? कागद निळा आहे ना!

तेवढ्यात घराकडून गलका उठला. बघतो तर स्वाती! अंगावर हळदीचं पातळ, हातापायांना हळद, मुंडावळ्या कपाळावर एका बाजूला सरकलेल्या, मागे तिच्या मावश्या, "अगं थांब, हळद लागल्यावर घराबाहेर येत नसतेत!" म्हणत धावतायत, आणि ही सरळ मांडवात.

"स्वाती, मधी जा!" अण्णा ओरडले.

"अण्णा, इथं माझं लग्न मोडायलंय. मी मधी बसून काय करू?"

ती माझ्यासमोर आली. वाकून नमस्कार केला, हं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मामा, मला दोनच गोष्टी सांगा. वाटीतली हळद कोणत्या पाण्यात कालवली?"

"विहिरीच्या," बायकांनी मागून उत्तर दिलं.

"मग पाण्यात कॉस्टिक असतं तर वाटीतली हळद आधी लाल झाली असती. ती तर पिवळीच हाय."

सगळा मांडव वाटीकडे बघायला लागला. वाटी पिवळीधम्मक! एवढी वर्षं लोकांना आडवे प्रश्न विचारले, आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

"आन्‌ दुसरी गोष्ट," ती म्हणाली, "हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तं."

मी दाखवला नाही. तिनंच माझं मनगट धरून हात उलटा केला, वर्गातल्या पोराचा धरावा तसा. डाव्या तळव्यावरची हळद लाल झालेली, आणि रेषांमध्ये पांढरं काहीतरी वाळून बसलेलं. उजव्या अंगठ्याच्या नखात तेच. तिनं स्वतः एक लाल कागद घेतला, विहिरीच्या बादलीत बुडवला, उंच धरून सगळ्यांना दाखवला. लाल तो लालच. मग तोच ओला कागद माझ्या अंगठ्यावर टेकवला.

निळा! असा निळा, असा निळा की लांबच्या खुर्च्यांवरची माणसंही "आयला!" म्हणाली.

"चुना," स्वाती म्हणाली. "चुना म्हणजे आम्लारी. कागद पाण्यानं निळा व्हत नव्हता, मामांच्या चिमटीनं व्हत होता. ताकात बुडलेला तुकडा लाल राहिला, धरलेला तेवढा निळा झाला. आन्‌ नवरदेवाच्या गालावर जिथं तळवा आन्‌ अंगठा टेकला तिथंच लाल झालं. बघा, पंजाच उमटलाय."

लोकांनी बघितलं. खरंच की हो! गालावर माझा पंजा, रेषांसकट!

मग मागून एक ओळखीचा, थंडगार आवाज आला.

"चुना कशाचा?"

सुनंदा!

"अहो, मी विचारते, तुमच्या हाताला चुना कशाचा? घर रंगवून आलात का सकाळी?"

आता मला सांगा, यावर कुठला बातमीदार काय बोलेल? मोठमोठ्या पुढाऱ्यांना मी 'होय की नाही, एका शब्दात सांगा' म्हणून कोंडीत पकडलंय. त्या क्षणी मला त्या सगळ्यांबद्दल पहिल्यांदा सहानुभूती वाटली. सुनंदानं नुसता हात पुढे केला. मी खिशातून पुडी आणि चुन्याची डबी काढून तिच्या तळहातावर ठेवली. ताई रडता रडता हसायला लागली. बाबूभाईनं तर झारा आपटला, "या अल्ला! जहर मामू के हाथ में, और मैं अपना पेट पकड के बैठा!" आणि चुलीकडे धावला, वरण वाचवायला.

पण दादाराव? दादाराव असे सहजासहजी ऐकतील? ते म्हणाले, "चुना असंल नायतर काय असंल. हळद लाल झाली ती झाली. लाल ते लाल."

"काका, बसा जरा," स्वाती म्हणाली. तिनं बाबूभाईकडून अर्धं लिंबू मागवलं, भागवतसमोर गुडघ्यावर बसली आणि त्याच्या लाल गालावर लिंबू पिळलं. लाल रंग बघता बघता विरघळला आणि गाल पिवळा! बायका "अगंऽऽ" करून पुढे सरकल्या. तिनं सुनंदाच्या हातातल्या डबीतून टिपकाभर चुना घेऊन लावला. पुन्हा लाल! वर लिंबू. पुन्हा पिवळा!

"अगं, झोंबतंय!" भागवत कळवळला.

"बसा गप, पूर्ण व्हऊ द्या," नवरी म्हणाली. लग्न लागायच्या आधीच भागवतला पुढच्या आयुष्याची कल्पना आली असावी, कारण तो खरंच गप्प बसला.

मग ती दादारावांकडे वळली. "बघितलं काका? हळदीत दोन रूपं असतेत, एक पिवळं, एक लाल. दोन्ही एकमेकांत बदलतेत. चुन्याचा जोर झाला की पारडं लालकडं, लिंबाचा जोर झाला की पिवळ्याकडं. कायमचं कुणीच नसतं. ज्याचा जोर, तिकडं तोल."

"म्हंजे राजकारणासारखं," दादाराव नकळत म्हणाले.

"तसंच समजा. आन्‌ काका, जुन्या बायका कुंकू कशाचं करायच्या? हळदीला चुन्याची पुटं देऊनच ना? मग माझ्या नवरदेवाच्या गालावर कुंकवाचा रंग आला, तर त्यात वाईट काय झालं?"

अहो, बायकांच्या घोळक्यातून अशी दाद आली म्हणता! एक म्हातारी तर दादारावांना म्हणाली, "आता बोल की रं दाद्या!"

दादाराव कुठं बोलतात? त्यांनी फेट्याचं टोक उगाच पुढेमागे केलं. अण्णांकडे बघितलं. मग पुन्हा भागवतच्या गालाकडे बघितलं. तो आता लिंबानं तुकतुकीत झाला होता. शेवटी म्हणाले, "पोरगी हुशार हाय." आणि सामान भरणाऱ्या माणसाला खेकसले, "काय भरायलास रं? उतरव ते!"

मी खुर्चीवर बसलो. असा हलका झालो, असा हलका झालो की सांगता येत नाही! आयुष्यात बातम्या चुकल्याचं दुःख मी खूप केलंय, पण एखादी बातमी खोटी निघाल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. विहीर चांगली! पाणी चांगलं! ताक चांगलं! लग्न शाबूत! एक मीच तेवढा वाईट, आणि ते मला त्या घडीला मनापासून मंजूर होतं. कडुबा अण्णांनी तर कमालच केली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच माझा हात धरून म्हणाले, "जाऊ द्या साहेब. पाण्याची तपासणी तं झाली." आणि मग हळूच स्वतःचा हात टॉवेलला पुसून घेतला.

मग फोन. वृत्तसंपादकाला लावला.

"ती बातमी पडली," मी म्हणालो.

"पडली? अहो, जागा ठेवलीय की! मथळा लावलाय! का पडली?"

"स्रोत विश्वासार्ह नव्हता."

"कोण होता स्रोत?"

"मी."

मग तो म्हणाला, "हे तुम्ही मला लेखी द्याल का?" फोन ठेवताना त्याचं हसणं मला ऐकू आलं. हसू दे. त्या दिवशी मी कुणाचंही हसणं सहन केलं असतं.

साबणानं हात धुतले. एकदा धुतले, सुनंदानं नखं तपासली, पुन्हा धुतले. तिचा अबोला सुरू झाला होता. आमच्याकडे अबोल्याच्या आधी ती एकच वाक्य बोलते, तेवढं बोलून झालं होतं: "घरी चला, मग बघते."

मुहूर्त जवळ आला. मी मांडवाच्या कडेला चोरासारखा उभा. तर खांद्यावर एक हात पडला. दादाराव! मला वाटलं, आता हा माणूस मला सोलणार. पण त्यांनी मान हलवून मला मागे बोलावलं. कनातीच्या मागे नेलं. इकडे तिकडे बघितलं. आणि खिशातून पुडी काढली.

"सकाळपासून मलाबी नाय," ते म्हणाले. "तुमच्या त्या भानगडीत हिंमतच झाली नाय."

त्यांनी मळली. आणि निम्मी माझ्या तळहातावर ठेवली. आता तुम्ही सांगा, सोयरा माणूस, सकाळभर ज्याच्याशी भांडलो तो स्वतःहून दोस्तीचा हात पुढे करतोय, तो हात झिडकारायचा? दोन घराण्यांचा प्रश्न होता! मी चिमूट उचलली, ओठाखाली दाबली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. झाला समझोता.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, बाबूभाईचं वरण वाढायला सुरुवात झाली. कडुबा अण्णा हसतायत, ताई हसतेय, दाजीसुद्धा हसतायत. आणि मी एवढा खूश की डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात नवरा-नवरी पाया पडत पडत माझ्यापर्यंत आले. दोघं वाकली. सवयीनं माझा हात स्वातीच्या डोक्याकडे गेला, आणि ती पटकन मागे सरकली. डोळ्यांत नुसता खट्याळपणा!

"मामा, हात नगं हं! आशीर्वाद तोंडानंच द्या."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण ओठ उघडायची सोय नव्हती. वाजंत्री थांबलेली. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. समोर ताई, शेजारी दाजी, आणि दाजींच्या मागे सुनंदा, डोळे बारीक करून. दादाराव एकदम मांडवाचं कापड न्याहाळायला लागले.

"बोला की मामा," भागवत म्हणाला. "सकाळपासून तं थांबतच नव्हता तुमी!"

मी ओठ घट्ट मिटून जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात जोडले, आणि सकाळपासून अख्ख्या मांडवाला भाषण देणारा मी, माझ्या सख्ख्या भाच्याला आणि सूनबाईंना 'सुखी राहा' एवढे दोन शब्दसुद्धा देऊ शकलो नाही.